वेणूबाई तीन सूत बसली

नवखार, रेवसजवळ
रविवार, १२ जानेवारी १९५८

काशीच्या बाबांस,

पत्राच्या वरती साष्टांग नमस्कार लिहायचा असतो हे मला शाळेत शिकवलेलं आहे. तो या वेळी लिहीत नाही. का नाही ते पुढे कळेल.

खाणीवरून रजेवर आलेल्या चंदरभावोजींनी तुमचं गाठोडं काल पोचतं केलं. निरोपही सांगितला, की कंपनीने तुम्हाला चाळीत पाच नंबरची खोली दिली, नळ दारात आहे, तर आता मी काशीला घेऊन कायमचं तिकडे यावं. पाच वर्षं तुम्ही चांद्याकडच्या त्या कोळशाच्या खाणीवर आणि मी इथे तुमच्या आईंजवळ. निरोप ऐकून मी इतकी हरखले की संध्याकाळच्या कालवणात मीठ घालायला विसरले. दिवसभर मिठागरात राबणारी बाई मीठ विसरली म्हणून आई हसत बसल्या.

ते हसणं सकाळपर्यंतच टिकलं. गोधडीसाठी तुमचा जुना सदरा उसवायला घेतला, तर त्याच्या घडीत एक वही निघाली. अक्षर तुमचं. चौथी पास बायको केलीत म्हणजे ती वाचणारच. त्यातलं थोडं तुमच्यासाठीच उतरवून काढते, विसरला असाल तर.

"सोमवार. वेणूबाई तीन सूत बसली. कमळ दोन सूत बसली. तुळशी अर्धा सूत, पुढच्या खेपेला नीट बघायची."

"कमळला घासून पुसून स्वच्छ केली. मग बरी दिसली."

"वेणूबाईच्या डोक्यावर पट्टी धरून ऊन होईपर्यंत उभा राहिलो. मान अवघडली."

आणि प्रत्येक पानाच्या शेवटी, न चुकता, "सगुणा शून्य."

तुम्ही सांगता की मी साहेबाच्या हाताखाली जमीन मोजतो. ही कसली मोजणी? माझ्या डोक्यावर पट्टी कधी धरलीत? काशीच्या वेळी मला आठ दिवस ताप होता, तेव्हा पट्ट्या आईंनी ठेवल्या. आणि सूत कुणाकुणाशी जुळलं हे वहीत मांडून ठेवणारा पुरुष मी आजवर पाहिला नव्हता. तीन बाया बसल्या त्या कुठे बसल्या? मला दिलेल्या खोलीतच का?

शून्य तर शून्य. या शून्याला तिकडे यायचं नाही. आईंना मी काही बोललेले नाही. विचारलं की थंडीने डोळ्यांतून पाणी येतं म्हणून सांगते.

सगुणा


नवखार
रविवार, ९ फेब्रुवारी

काशीच्या बाबांस नमस्कार. या खेपेस नमस्कार लिहिला आहे तो मोजून एक.

तुमचं नऊ पानी पत्र मिळालं. इतकं मोठं पत्र लग्नानंतर पहिल्यांदाच आलं, म्हणजे घाबरलात हे नक्की. मी ते दोनदा वाचलं आणि मग चंदरभावोजी रजा संपवून निघायच्या आत त्यांना वेगळं गाठून सगळं पुन्हा विचारलं. दोघांचं बोलणं शब्दाला शब्द जुळलं. खरं सांगते, ते इतकं जुळलं याचाच मला दोन दिवस संशय होता.

आता मला काय समजलं ते लिहिते. चुकलं असेल तर सांगा.

चाळीच्या खाली खोलवर कोळसा काढतात. वरचं छत धरायला आधी कोळशाचेच खांब सोडलेले असतात, आणि शेवटी परत येता येता तेही काढून नेतात. मग वरची जमीन हळूहळू बसते. किती बसली ते कळावं म्हणून चाळीपुढे लोखंडी खुंट्या ठोकल्या आहेत. साहेबाच्या कागदावर त्यांना इंग्रजी नंबर आहेत, पण तुम्हा मोजणीच्या खलाशांच्या ते डोक्यात राहत नाहीत, म्हणून जिच्या दारापुढे खुंटी तिचं नाव खुंटीला. वेणूबाई चार नंबरातली, तिला तीन मुली. कमळ धुणी धुते. तुळशी ही म्हातारी सुईण, शेवटच्या खोलीतली. पट्टी म्हणजे चौदा फुटी लाकडी पट्टी, ती खुंटीच्या डोक्यावर उभी धरायची आणि साहेबाने दुर्बिणीतून वाचायची. पट्टीवरची एक बारीक रेघ म्हणजे जवळजवळ एक सूत. साहेब आताशा उन्हाचे येत नाहीत, त्यामुळे पट्टी धरता आणि वाचताही तुम्ही खलाशीच, पाळीपाळीने. आठ सूत, म्हणजे एक इंच बसली, की चाळ रिकामी करायची असा तिथला नियम.

आणि ऑफिसच्या फाटकाजवळचा सिमेंटात बसवलेला दगड, ज्याच्यापासून बाकीच्या सगळ्या खुंट्या मोजायच्या, तो कुणाच्या दारात नाही, म्हणून तुम्ही त्याला माझं नाव दिलंत. "जो जागचा हलत नाही आणि ज्याच्या भरवशावर बाकीचं सगळं, त्याला दुसरं कुठलं नाव देऊ," असं तुम्ही लिहिलंत. हे पान मी वेगळं काढून ठेवलं आहे. मला फार बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की शेजारची कृष्णाबाई उगाच कुचकट बोलली त्यालाही मी उत्तर दिलं नाही.

तेव्हा येते. शिमगा झाला की येते. वेणूबाई तुम्हाला भाकऱ्या करून देते असं चंदरभावोजींच्या तोंडून निघून गेलं, तुमच्या नऊ पानांत ते कुठे नाही. आल्यावर तिला बघेनच.

एकच विचारायचं राहिलं. सगळ्या खुंट्या सगुणेपासून मोजता. मग सगुणेला कशापासून मोजता? सहज मनात आलं. काशी मजेत आहे.

सगुणा


नवखार
मंगळवार, ४ मार्च

काशीच्या बाबांस नमस्कार.

तुमचं उत्तर मिळालं. "आधी बायांवर संशय झाला, आता दगडावर. आमच्या इंजिनिअरसाहेबांनी बसवलेला दगड आहे तो, तुझ्या बापाच्या बांधावरचा नव्हे." बरं झालं बापाचं नाव काढलंत. त्यांचीच गोष्ट सांगते.

आमच्या खारबांधावर भरती-ओहोटीचं पाणी सोडायची उघाडी होती, तुम्ही पाहिली आहे. तिच्या लाकडी खांबावर डांबराची रेघ होती. उधाणाचं पाणी कुठवर चढतं ते त्या रेघेवरून बघायचं आणि बांध त्या रेघेहून हातभर उंच ठेवायचा, अशी गावाची रीत. मी नऊ वर्षांची असताना पाणी रेघेच्या वर यायला लागलं. गाव म्हणालं, समुद्र चढला. बाबांनी बांध मोजून बघा म्हटलं. मोजला तर रेघेहून बरोबर हातभर उंच. मग सगळे निवांत घरी गेले.

माझे बाबा बाळाजी एकटेच म्हणत राहिले की खांब चिखलात खाली चालला आहे. खांब गेला, त्याच्याबरोबर बांधही गेला, दोघे मिळून गेले, मग एकमेकांपासून मोजून काय कळणार? गावाने त्यांना वेड्यात काढलं. गौरीच्या उधाणाला पाणी बांधावरून आलं आणि पोटरीला आलेला भात खाऱ्या पाण्यात उभा जळला. पुढची तीन वर्षं त्या शेतात लव्हाळ्याशिवाय काही उगवलं नाही. मग गावाने लांबच्या कातळावर खूण केली, आणि खांब वीतभर बसल्याचं तेव्हा कुठे सगळ्यांना दिसलं.

म्हणून विचारलं. तुमचं ऑफिस, फाटक, चाळ सगळं एकाच जागेत. फाटकाखालून कोळसा काढलेला नाही हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे की साहेबाने सांगितलं? तुम्ही खाली उतरत नाही. चंदरभावोजी उतरतात.

तिथे लांब कुठे पक्का कातळ असेलच. रेल्वेच्या पुलाचा पाया असेल. तिथपासून एकदा सगुणेला मोजा. तुमची सुट्टी असते रविवारी. मोजा, आकडा मला कळवा, आणि मग मी येते. तोवर काशीला घेऊन त्या खोलीत पाऊल ठेवायची नाही.

तुम्हाला राग येईल हे ठाऊक आहे. सासूबाईंना विचारलं, तर काथ्या वळता वळता म्हणाल्या, "माझा नामा खोटा न्हाय. पन त्याला कोनी सांगितला का खरा मानतो." तुमच्याच आईंचं बोलणं आहे, माझं नव्हे.

सगुणा


नवखार
रविवार, १३ एप्रिल

काशीच्या बाबांस,

महिनाभर वाट पाहिली आणि आलं काय, तर कार्ड. त्यावर तीन ओळी. "तू येऊ नको. इथे उन्हाळा फार. खोलीचं पुढे बघू. काशीला आशीर्वाद." पोस्टमास्तरनेही वाचलं असणार, कारण कार्ड देताना माझ्याकडे कीव आल्यासारखं बघत होता.

उन्हाळा फार? खोली मिळाली तेव्हा तिकडे उन्हाळा नव्हता ठरलेला? आणि मी कुठल्या सावलीत वाढले आहे? मार्चपासून भर उन्हात मिठागरात उभी आहे, पायांची सालं निघाली आहेत.

सगुणेला मोजलंत का याला उत्तर नाही. "हो" नाही, "नाही" नाही, रागसुद्धा नाही. तुम्ही रागावून चार पानं लिहिली असती तर मी निश्चिंत झाले असते. तुम्हाला खोटं लिहिता येत नाही म्हणून तुम्ही थोडं लिहिलं आहे, एवढं मी तुम्हाला ओळखते.

मग मी काय समजू? वहीत जे लिहिलं होतं ते खरंच खुंट्यांबद्दल होतं, की नऊ पानं तुम्ही आणि चंदरभावोजींनी बसून जुळवलीत? खोली कुणी दुसरीने घेतली का? मला वाईट शंका येतात आणि त्या आल्या की मला माझीच चीड येते. सकाळी वाटतं तुम्ही तसे नाही. दुपारी ऊन चढलं की पुन्हा वाटतं, मग येऊ नको का म्हणाले?

काशीने पाटीवर "पाच नंबर" लिहून ठेवलं आहे, ते ती पुसू देत नाही. तिला काय सांगू तेवढं तरी कळवा.

सगुणा


नवखार
रविवार, ११ मे

काशीच्या बाबांस,

चंदरभावोजी बहिणीच्या लग्नाला आले आहेत. माझ्या घराकडे फिरकले नाहीत. समोरून येताना दिसले तर बांध उतरून चिखलातून गेले. लग्नाचे नवे कपडे घालून माणूस चिखलातून जातो, तेव्हा त्याला काही तरी लपवायचं असतं.

काल रेवसच्या धक्क्यावर ते लाँचमधून लग्नाचं सामान उतरवून घेत होते. तिथे त्यांना पळायला जागा नव्हती. मी काशीला सोबत नेली होती, मुद्दाम. तिच्यादेखत म्हटलं, भावोजी, तिकडे यांनी दुसरी बाई ठेवली असेल तर ते या पोरीच्या तोंडावर सांगा.

त्यांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "वयनी, बाय न्हाय. देवाशपथ बाय न्हाय. बाय असती तर बरा झाला असता."

मग काशीला नारळाच्या राशीवर बसवून त्यांनी सगळं सांगितलं. मार्चच्या शेवटच्या रविवारी तुम्ही आणि ते रेल्वेच्या पुलापासून मोजत फाटकापर्यंत आलात. एकदा विश्वास बसेना म्हणून उलटे मोजत परत गेलात. सगुणा बसवली तेव्हापेक्षा अडतीस सूत खाली आहे. फाटकाखालचे कोळशाचे खांबही कधीच काढून नेलेत, नकाशात मात्र ते अजून उभे आहेत. तुम्ही आकडा घेऊन मोजणीसाहेबांकडे गेलात. त्यांनी दार लावून घेतलं, पुलाचा पाया आपला नव्हे, आपला दगड फाटकाचा, तिथपासूनच मोजायचं, असं समजावलं, आणि पुढच्याच आठवड्यात तुम्हाला खलाशांचा मुकादम केलं. तेव्हापासून दर सोमवारी तुम्ही फाटकापासून मोजता. वेणूबाई तीन सूत. कमळ दोन सूत. सगुणा शून्य.

मी मिठागरातली बाई, बेरीज मला येते. अडतीस आणि तीन एक्केचाळीस. वेणूबाईच्या दारातली जमीन पाच इंच आणि वर एक सूत खाली गेली आहे, आणि तुमच्या नियमात चाळ एका इंचाला रिकामी करायची. भावोजी म्हणाले की कमळच्या खोलीचं दार आताशा लागत नाही, तिने खाली पुठ्ठा घातला आहे. तुळशी सुईणीच्या भिंतीला हात जाईल एवढी भेग आहे. तिला कंपनीच्या माणसाने सांगितलं की गिलावा कच्चा होता.

आता मला काय वाटलं ते लिहिते, तुमच्यापाशी लपवून काय करू. भावोजी सांगत होते तेव्हा आधी मला आनंद झाला. बाई नाही. तुम्ही मला येऊ नको म्हणालात ते आमच्या जिवासाठी. पाच वर्षांत इतकं हलकं वाटलं नव्हतं. काशीला उचलून घेतली, तेव्हा ती आता केवढी जड झाली आहे ते कळलं. धक्क्यावरून घरी येईपर्यंत मी त्या आनंदातच होते.

घरी येऊन चूल पेटवली, भाकरी थापायला घेतली, आणि वेणूबाई आठवली. जिला मी चार महिने मनातल्या मनात शिव्या दिल्या, ती तुम्हाला रोज भाकऱ्या करून देते. तिच्या तीन मुली. तुम्ही तिच्या दारापुढे पट्टी धरून उभे राहता, ती तुम्हाला पाणी आणून देते, विचारते, "काय भाऊ, जमीन बरी हाय ना?" भावोजींनी मला हेही सांगितलं. मी विचारलं, मग हे काय म्हणतात? भावोजी म्हणाले, "हसतो आनि पानी पितो."

माझ्या काशीसाठी तुम्ही पुलापासून मोजता आणि तिच्या मुलींसाठी फाटकापासून. मला वाचवलंत म्हणून मी तुमचे पाय धरायचे की हे ऐकून दार लावून बसायचं, मला कळेना. मला तुमचा राग आला आहे. तुम्हाला भीती वाटत असेल, हेही कळतं. मुकादमी जाईल, कदाचित कामच जाईल, साहेब खोटं ठरवतील. गाव माझ्या बाबांना वेडा म्हणालं तेव्हा त्यांनाही भीती वाटत होती, मी त्यांना रडताना पाहिलं आहे. पण त्यांनी रेघ बरोबर आहे असं कधी म्हटलं नाही.

तुम्हाला पत्रातून समजावलं तर तुम्ही पुन्हा कार्ड पाठवाल. म्हणून समजावत नाही.

लग्न आटोपून चंदरभावोजी गुरुवारी, २२ तारखेला परत निघतात. पावसाळ्यासाठी लाँच बंद व्हायच्या आत. मी आणि काशी त्यांच्याबरोबर निघतो. रेवसहून भाऊचा धक्का, बोरीबंदरहून वर्ध्याची गाडी, तिथे बदलून शनिवारी संध्याकाळपर्यंत तुमच्या स्टेशनात. पाच नंबरच्या खोलीतच राहायचं, मी ठरवलं आहे. भावोजी नको म्हणत होते, त्यांना सांगितलं की नेलं नाहीत तर एकटी येईन, वाट मी विचारून घेतली आहे.

आईंना सगळं सांगितलं. त्यांनी हातातली काथ्याची गुंडाळी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "तू जा. पोरीला कशाला नेतस?"

मी म्हटलं, "तिथं वेणूबाईच्या पोरी न्हायत का?"

त्यावर त्या उठून काशीचे दोन झगे पेटीत ठेवायला लागल्या.

हे पत्र तुम्हाला शुक्रवारपर्यंत मिळेल. म्हणजे आम्ही पोचायच्या आधी तुमच्या हातात आठ दिवस आहेत आणि मध्ये एक सोमवार आहे. त्या सोमवारी कुठपासून मोजायचं ते तुम्ही ठरवा. साहेबाने ऐकलं नाही तर वेणूबाईला सांगा, कमळला सांगा, त्यांना नियम कळतो, आणि दार का लागत नाही हेही त्या विचारत असतील. चाळीतल्या बाया बाहेर पडल्या असतील तर त्या जिथे असतील तिथे, माळावर असतील तर माळावर, आम्ही त्यांच्याबरोबर राहू. त्या आत असतील तर आम्हीही आत.

काशीला यातलं काही सांगितलेलं नाही. तिला एवढंच माहीत आहे की ती बाबांकडे राहायला जाते आहे.

सगुणा